बर्डच्या पहिल्या तबकड्या आणि पळसावरची लाख

जॅझमधला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, म्हणजे ‘बर्ड’, याच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांवर अमेरिकेत आणि युरोपात कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. त्यात गोंदियाहून कुणी काय भर घालावी, असं वाटणं साहजिक आहे. पण हा विषय जितका सुरांचा आहे तितकाच मालाचाही आहे, आणि तो माल आपल्या ओळखीचा आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या ज्या काळ्या तबकड्यांवर बिबॉप, म्हणजे चाळीसच्या दशकातलं नवं जॅझ, पहिल्यांदा जगापुढे आलं, त्या तबकडीतली दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. जगाच्या बाजारात येणाऱ्या लाखेचा मोठा हिस्सा तेव्हा हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूर हे तिचं माहेर, आणि त्याला लागून छत्तीसगड व मध्य प्रांताचा जंगलपट्टा. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या बाजूला पळस, कुसुम आणि बोर ही तिन्ही झाडं भरपूर. भाताच्या गिरण्या आणि विड्यांच्या कारखान्यांसोबत लाखेचा धंदाही या भागात चाले, आणि बंगाल-नागपूर रेल्वेची हावड्याला जाणारी वाट शहरातूनच जात होती. लाखेची परदेशी रवानगी व्हायची ती मुख्यतः कलकत्ता बंदरातून.

पार्करच्या अमुक तबकडीत आपल्या पळसाची लाख होती असं सांगणं भाबडेपणाचं ठरेल, आणि तसं सांगायचंही नाही. मला रस आहे तो एका जुन्या वादात. १९४२ ते १९४४ या काळात न्यूयॉर्कमध्ये बिबॉप आकाराला येत होतं, आणि नेमक्या त्या काळाचा आवाज जवळजवळ उरलेला नाही. का उरला नाही? बहुतेक पुस्तकं एका वाक्यात उत्तर देतात: वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. मला ते उत्तर अपुरं वाटतं.

आधी हातात काय आहे ते पाहू. पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० चा, कॅन्सस सिटीचा. १९४० च्या सुमाराची एक खासगी तबकडी आहे. तिच्यात तो एकटाच ऑल्टो सॅक्सोफोनवर दोन लोकप्रिय गाण्यांच्या चाली एकापुढे एक वाजवतो. मागे ना पियानो ना ड्रम्स. वीस वर्षांचं पोर घरात रियाज करत असावं तसा तो आवाज आहे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर आणि २ डिसेंबरला विचिटा शहरात एका रेडिओ केंद्रासाठी, पार्कर ज्यात वाजवत होता त्या जे मॅकशानच्या वाद्यवृंदातल्या काही जणांचं ध्वनिमुद्रण झालं. विक्रीसाठी नसलेल्या या तबकड्या पुढे कित्येक वर्षांनी लोकांच्या हाती आल्या. त्यात पार्करवर टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची छाप स्पष्ट ऐकू येते, पण वाक्य जिथे संपायला हवं तिथे न संपता पुढच्या मात्रेत घुसणारी त्याची सवयही तिथेच सापडते.

मग खऱ्या स्टुडिओतली पहिली बैठक. ३० एप्रिल १९४१, डॅलस, डेका कंपनी. मॅकशानचा वाद्यवृंद वेगवान, नाचता येईल असं संगीत वाजवण्यात तरबेज होता, पण कंपनीला हवे होते ब्लूज. वॉल्टर ब्राऊनने गायलेलं ‘कन्फेसिन द ब्लूज’ तुफान विकलं गेलं आणि कंपनीचा होरा खरा ठरला. पार्करची लक्षात राहिलेली जागा म्हणजे ‘हूटी ब्लूज’मधले बारा बार. एवढ्यावर त्याचं नाव वादकांत पसरलं, हे आज ऐकताना पटतं, कारण त्या बारा बारांत तो मागच्या सगळ्या वाद्यवृंदापेक्षा निराळ्या भाषेत बोलतो. २ जुलै १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये मॅकशानच्या मंडळींनी पुन्हा डेकासाठी वाजवलं. ‘द जम्पिन ब्लूज’मधल्या पार्करच्या सोलोची सुरुवातीची ओळ इतकी गाजली की पुढे ट्रम्पेटवादक बेनी हॅरिसने तिच्यापासून ‘ऑर्निथॉलॉजी’ ही चाल बांधली. म्हणजे बंदी लागण्याच्या आधी, कंपनीचे दरवाजे उघडे असताना, बिबॉपच्या सर्वांत मोठ्या वादकाला स्टुडिओत मिळालेली जागा ही अशी मोजकीच. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

१ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याने आपल्या सदस्यांना ध्वनिमुद्रण बंद करायला लावलं. त्याची तक्रार खोटी नव्हती. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर वाजणाऱ्या तबकड्यांनी हॉटेलांतल्या, नाटकगृहांतल्या जिवंत वादकांची पोटं मारली होती. प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत यावी, अशी त्याची मागणी होती. डेका सप्टेंबर १९४३ मध्ये नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया थेट नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. या मधल्या काळात पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी दोघेही अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात होते. पार्कर तिथे टेनर सॅक्सोफोन वाजवी. त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी निघाली नाही. या दोघांच्या त्या काळातल्या वादनाचा पुरावा मिळतो तो शिकागोच्या हॉटेलातल्या एका खोलीत. बॉब रेडक्रॉस नावाच्या मित्राकडे तबकडी कोरायचं एक सुटं यंत्र होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याने पार्कर, गिलेस्पी आणि बासवादक ऑस्कर पेटिफर्ड यांना त्याच खोलीत मुद्रित केलं. खरखर, खोलीतली चाहूल, अर्धवट तुटलेली वाक्यं, सगळं त्यात आहे. या तबकड्या दशकांनंतर बाहेर आल्या आणि जाणकार चकित झाले, कारण १९४५ मध्ये जे अचानक आकाशातून पडल्यासारखं भासत होतं ते १९४३ च्या त्या खोलीत बऱ्यापैकी तयार होतं.

आता लाखेकडे येतो. बंदीच्या साडेतीन महिने आधी, एप्रिल १९४२ मध्ये, अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने नागरी वापराच्या लाखेत सत्तर टक्के कपात केली. जपान आग्नेय आशियात शिरला होता, बंगालच्या उपसागरात जहाजं बुडत होती, आणि जी लाख पोहोचत होती ती लष्कराला हवी होती. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या दळून नव्या दाबायची मोहीम निघाली. कंपन्यांनी उरलेला माल खपाची खात्री असलेल्या गायकांसाठी राखून ठेवला. सैनिकांसाठी १९४३ पासून निघालेल्या व्ही-डिस्क या नव्या कृत्रिम प्लास्टिकच्या काढाव्या लागल्या, त्यामागे हेही एक कारण होतं. जॅझच्या इतिहासात या कपातीला फार तर एखादी ओळ मिळते. मला वाटतं, ज्यांनी लाख कधी झाडावर पाहिली नाही त्यांना तिची टंचाई म्हणजे आकड्यांचा खेळ वाटत असावा.

लाख ही कारखान्यात हुकमी बनणारी वस्तू नाही. तिचा किडा, शास्त्रीय भाषेत केरिया लॅका, कोवळ्या फांदीला चिकटतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळ स्रवत राहतो. मादी एकदा बसली की जन्मभर तिथेच. पळस-बोरावर होणारी ती रंगीनी लाख, कुसुमावरची ती कुसुमी. कुसुमीचा रंग फिका आणि भाव चढा. वर्षाला दोन पिकं. एखादा उन्हाळा फार तापला की किडे मरतात आणि पुढच्या पिकाचं बियाणंच उरत नाही. काडीवरची लाख खरवडायची, फोडायची, धुवायची, की दाणेदार चौरी तयार होते. मग ती लांब कापडी नळीत भरून निखाऱ्यांपुढे पिळत पिळत वितळवायची, गाळलेला रस गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरायचा आणि अंगावर घेऊन हातापायांनी, वेळेला दातांनी धरून, पातळ पत्र्यासारखा ताणायचा. तो पत्रा फुटला की चपडा. सुताराला पॉलिशसाठी लागतो तोच. हा सगळा हातांचा कारभार. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाखेची संशोधन संस्था निघाली, तरी युद्धकाळात न्यूयॉर्कहून मागणी वाढली म्हणून पळसाला जास्त लाख लागत नव्हती.

या टंचाईची खूण तबकड्यांवरच राहिली आहे. बंदीनंतर बिबॉपला जवळ केलं ते लहान लहान कंपन्यांनी, आणि चांगल्या लाखेत त्यांचा नंबर शेवटचा होता. गिल्ड नावाच्या कंपनीसाठी पार्कर आणि गिलेस्पी यांनी २८ फेब्रुवारी आणि ११ मे १९४५ ला केलेलं काम घ्या. ‘ग्रूव्हिन हाय’, ‘डिझी अॅटमॉस्फिअर’, ‘सॉल्ट पीनट्स’, ‘शॉ नफ’, ‘हॉट हाऊस’. जगाने बिबॉप ऐकलं ते इथून. सुरुवातीच्या दाबलेल्या प्रतींवर सुई टेकवली की आधी सूं सूं ऐकू येते आणि तिच्यामागून दोन वाद्यं एका दमात धावत येतात. संगीत कोरं करकरीत आणि माल हलका, अशी विचित्र जोडी.

आणि मग २६ नोव्हेंबर १९४५. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत पार्करच्या स्वतःच्या नावावरची पहिली बैठक झाली, सॅव्हॉय कंपनीसाठी. तिच्याबद्दल सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण स्टुडिओतली अडचण आणि कला एकमेकींत कशी मिसळतात हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं. पियानोला बड पॉवेल येणार होता, तो आलाच नाही. ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस, ड्रम्सवर मॅक्स रोच, बासवर कर्ली रसेल. गिलेस्पी मदतीला आला आणि पियानोला बसला. नंतर आर्गोन थॉर्नटन नावाचा दुसरा पियानोवादकही येऊन मिळाला. पार्करचा सॅक्सोफोन मध्येच चिरकू लागला आणि दुरुस्तीची धावपळ झाली. अशा गोंधळात ‘बिलीज बाउन्स’ आणि ‘नाऊज द टाइम’ हे दोन ब्लूज झाले आणि शेवटी आलं ‘को-को’.

‘को-को’चा पाया रे नोबलचं ‘चेरोकी’. तेच कॉर्ड, पण मूळ चाल वगळलेली. ती का वगळली याचा पुरावा ध्वनिमुद्रणातच आहे. पहिल्या प्रयत्नात मंडळी ‘चेरोकी’ची चाल धरतात आणि लगेच कुणीतरी त्यांना थांबवतं. मूळ चाल वाजवली असती तर तिच्या मालकाला रॉयल्टी द्यावी लागली असती. दुसऱ्या प्रयत्नात चालीच्या जागी ३२ बारांची एक तुटक प्रस्तावना येते. दोघे एकत्र, मग ट्रम्पेट एकटा, मग ऑल्टो एकटा, पुन्हा एकत्र. माइल्सला तो भाग पेलत नव्हता, म्हणून गिलेस्पीने ट्रम्पेट वाजवला आणि तो संपताच पियानोकडे धाव घेतली. मग पार्करचे दोन पूर्ण फेरे, एकूण १२८ बार, मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके. पैशाच्या भीतीने चाल गेली आणि त्या मोकळ्या जागेत आधुनिक जॅझमधला सर्वांत गाजलेला सोलो आला. त्याला मी तरी योगायोग म्हणणार नाही. पार्कर कितीतरी दिवस रात्रीच्या मैफलींत ‘चेरोकी’ असाच फोडत होता. १९४२ मध्ये हार्लेममधल्या एका क्लबात त्याने वाजवलेलं ‘चेरोकी’ मुद्रित झालं आहे, आणि ‘को-को’ची पूर्वतयारी त्यात सरळ ऐकू येते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. क्लबात पार्कर किती तरी लांब वाजवी, पण आपल्याला जो पार्कर माहीत आहे तो या तीन मिनिटांत आवळून बसवलेला. अभ्यासकांत यावर दोन तट आहेत. काहींना वाटतं, तबकडीने त्याचा श्वास कोंडला. मला उलट वाटतं. पुढे डीन बेनेडेट्टी नावाच्या एका भक्ताने १९४७-४८ मध्ये क्लबांतून त्याचे सोलो टिपले, ते १९९० मध्ये प्रकाशित झाले. ऐकावेत, पण सॅव्हॉय आणि डायलच्या तीन मिनिटांत जी धार आहे ती तिथे सलग सापडत नाही. लांबीला वाव मिळाला की त्याच्या ठेवणीतल्या वाक्यांची पुनरावृत्ती उघडी पडते. टॉमस ओवेन्सने १९७४ च्या आपल्या प्रबंधात पार्करचे शेकडो सोलो तपासून ठरावीक वाक्यखंडांची यादीच मांडली. काहींना ते पार्करला कमी लेखणं वाटलं. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला तसं वाटायचं कारण नाही. ठरलेल्या स्वरसमूहांतून रोज नवं घडवणं हे आपल्याकडे कुणालाही नवीन नाही.

कॅलिफोर्नियातल्या डायल कंपनीबद्दल थोडक्यात. हॉलिवूडमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या रॉस रसेलने ती काढली. २८ मार्च १९४६ ला ‘यार्डबर्ड सूट’, ‘ऑर्निथॉलॉजी’, ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ झालं. ‘मूस द मूच’ ही त्याच दिवसाची चाल, आणि तिचं नाव पार्करला हेरॉइन विकणाऱ्याचं. २९ जुलैला तो इतका खचलेला होता की उभं राहणं कठीण होतं. त्या अवस्थेत वाजवलेलं ‘लव्हर मॅन’ रसेलने बाजारात आणलं, आणि पार्करने त्याला ते कधी माफ केलं नाही. त्यानंतर कॅमरिल्लोच्या मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने. ‘लव्हर मॅन’ला अनेक जण त्याची सर्वांत हळवी कलाकृती म्हणतात. मला त्यात एक आजारी माणूस ऐकू येतो, कला फार कमी.

आता मूळ वादाकडे. जॅझचा अभ्यासक स्कॉट डीव्हो याने १९८८ मध्ये एका दीर्घ निबंधात आणि पुढे ‘द बर्थ ऑफ बिबॉप’ (१९९७) या पुस्तकात बंदीच्या गोष्टीला चांगलाच धक्का दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बंदी नसती तरी मोठ्या कंपन्यांनी या नव्या संगीताकडे पाहिलं नसतं. उलट बंदीमुळे लहान कंपन्यांना शिरायला फट मिळाली. त्या आधी समझोत्यावर आल्या आणि मोठे अडून बसलेले असताना त्यांनी वादक गोळा केले. फेब्रुवारी १९४४ मध्ये अपोलो कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने गिलेस्पी आणि मॅक्स रोच यांना घेऊन केलेली बैठक, जिला पुष्कळ जण बिबॉपचं पहिलं ध्वनिमुद्रण मानतात, तीही कोलंबिया आणि व्हिक्टर अजून बंद असतानाची. खुद्द पार्करही १५ सप्टेंबर १९४४ ला गिटारवादक टायनी ग्राइम्सबरोबर सॅव्हॉयसाठी वाजवून गेला होता. त्यातल्या एका चालीचं नाव ‘रेड क्रॉस’, शिकागोच्या त्या मित्राचं.

डीव्होचा युक्तिवाद मला पटतो, आणि डॅलसचे ते बारा बार त्याच्या बाजूने साक्ष देतात. तरी त्याच्या हिशेबात लाखेला पुरतं वजन नाही. संघटनेशी समझोता झाला म्हणून कच्चा माल मिळतो असं नाही. बैठक झाली तरी किती प्रती दाबता येतील, कितपत चांगल्या आणि किती शहरांत पोहोचतील, हे मालावर ठरे. बिबॉप न्यूयॉर्कबाहेरच्या श्रोत्याला उशिरा कळलं यात या टंचाईचा वाटा बराच असावा, असं माझं मत आहे. पण नुसत्या टंचाईनेही कोडं सुटत नाही, आणि ते कळतं आपल्या देशाकडे पाहिलं की.

इथे पेट्रिलो नव्हता. लाख आपलीच होती आणि तबकड्या दाबायचा ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना १९२८ पासून कलकत्त्याजवळ डमडमला होता. वादकही होते. अमेरिकन वादक लिऑन अॅबीचा वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड त्याच वाटेने आले. वेदरफर्डने युद्धकाळात कलकत्त्यात तबकड्या केल्या आणि एप्रिल १९४५ मध्ये तो तिथेच पटकीने गेला. गोव्याचे वादक चर्चमध्ये नोटेशन शिकून आलेले, त्यामुळे कुठलंही नवं संगीत कागदावरून उचलायला तयार. रूडी कॉटन या नावाने वाजवणारा पारशी सॅक्सोफोनवादक होता. अंतोनियो वाझ म्हणजे चिक चॉकलेट याच्या नावावर काही तबकड्या निघाल्यादेखील. तरीही मुंबईच्या वादकांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत क्लबांत जे जॅझ वाजवलं त्याचं स्टुडिओतलं दप्तर फारच तोकडं आहे. ब्राझ गोन्साल्विससारख्या पार्करचा वारसा पचवलेल्या सॅक्सोफोनवादकाची स्वतःच्या नावाची ‘रागा रॉक’ ही तबकडी आली ती १९७० च्या सुमारास. बंदी नाही, टंचाईचा बहाणा नाही, तरी निकाल तोच. कंपनीला गिऱ्हाईक दिसलं नाही, एवढंच कारण उरतं.

मग तो आवाज गेला कुठे? चित्रपटात. सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे, पण संगीताची तालीम नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे झालेली, म्हणजे अर्धे आपलेच. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) मध्ये त्यांनी गोव्याच्या वादकांना मोकळं सोडलं. ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी संगीतकारांसाठी वाद्यमेळ लिहिले. दोन कडव्यांमधल्या आठ-दहा सेकंदांत एखादा सॅक्सोफोन असा काही वळसा घेतो की ऐकणाऱ्याने गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकावं. १९४५ ते १९५५ च्या गाण्यांतले असे तुकडे वेचून, वेळ आणि वाद्य नोंदवून त्यांची सूची करायला हवी. ते काम अवघड आहे ते एकाच कारणाने. तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार असत, वादक नसे. सॅव्हॉयच्या त्या बैठकीतला गिलेस्पी दुसऱ्या कंपनीशी करारात बांधलेला असल्यामुळे लेबलावर ‘हेन गेट्स’ या टोपणनावाने छापला गेला, आणि त्या एका खोट्या नावाच्या आधारे कोणत्या टेकमध्ये पियानोवर कोण होतं याचा वाद अभ्यासक आजही घालतात. मुंबईच्या सॅक्सोफोनवाल्याला खोटं नावदेखील मिळालं नाही.